प्लॉट रिकामा कुठंय?

छत्री उलटी धरायची, झुडपाच्या खाली. दुसऱ्या हातातल्या काठीनं वरच्या फांदीला दोन-चार टोले द्यायचे, पान तुटणार नाही अशा बेतानं. मग छत्री हळूच बाहेर ओढायची आणि आत बघायचं. झालं! एवढीच कृती. ना दुर्बीण, ना महागडा कॅमेरा, ना पहाटे उठून जंगल गाठणं. आणि एवढ्यावर माझा अख्खा पावसाळा, त्यामागची दिवाळी आणि आता ही थंडीसुद्धा कोळ्यांनी खाऊन टाकली आहे. घरच्यांच्या मते डोकंही.

हे वेड लावलं भाचीनं. ती इथल्या विद्यापीठात प्राणिशास्त्र शिकते आणि वेगवेगळ्या अधिवासांतले कोळी हा तिच्या प्रकल्पाचा विषय. तिला छत्री धरायला माणूस हवा होता. मी बँकेतून निवृत्त झालेली, हाताशी सापडले. पहिली जागा ठरली ती आमच्या जुळे सोलापुरातच, गल्लीच्या टोकाचा बिनबांधकामाचा प्लॉट. वेडी बाभूळ, तरवड, रुई, कमरेएवढं गाजरगवत आणि कुणाच्या तरी बाथरूमच्या फुटक्या फरशा. या प्लॉटपुढून मी रोज भाजीला जाते. तिथं बघण्यासारखं काही असेल असं मला जन्मात वाटलं नव्हतं.

पहिल्याच टोल्याला छत्रीत पाचोळा पडला, एक अळी पडली आणि पाचोळ्याला पाय फुटले. एक पोपटी कोळी, पायांवर उभे काटे, टुणकन उडी मारून छत्रीच्या काडीवर जाऊन बसला. हा लिंक्स कोळी; जाळं विणत नाही, झाडावर हिंडून शिकार करतो. एक पांढराशुभ्र, पुढचे पाय फाकून तिरका तिरका चालणारा. हा खेकडा कोळी. तो फुलात दबा धरतो आणि त्याच्यातल्या काही जाती बसल्या फुलाप्रमाणे काही दिवसांत रंग पांढऱ्याचा पिवळा करून घेतात. तरवडाच्या पिवळ्या घोसात आम्हाला मग तसला पिवळाधमक सापडलाही, स्वतःपेक्षा मोठी मधमाशी मानेशी धरून बसलेला! आणि या सगळ्यात एक काळी मुंगी इकडून तिकडं धावत होती. मी तिला फुंकर मारून उडवणार, तोच भाची ओरडली, "मावशी, थांब! पाय मोज तिचे."

आठ. आठ पाय! पुढचे दोन तिनं वर उचलून मिशांसारखे नाचवत ठेवले होते. कमर मुंगीची, चाल मुंगीची, धांदलसुद्धा मुंगीची. मी बोट पुढे केलं तशी ती छत्रीच्या कडेवरून पडली आणि हवेतच लोंबकळली, धाग्यावर. मुंगी कधी दोर सोडून उतरते का? चावऱ्या मुंग्यांच्या वाटेला पक्षी आणि किडे सहसा जात नाहीत, म्हणून हा कोळी आयुष्यभर मुंगी होऊन जगतो. त्या रात्री मला झोप लागली नाही, हे अतिशयोक्ती न करता सांगते.

मग घरातच सुरुवात केली. न्हाणीच्या कोपऱ्यात लांबलचक पायांचा जो मरतुकडा कोळी असतो ना, त्याच्या जाळ्याला जरा बोट लावून बघा. तो जागच्या जागी असा गरगर हलायला लागतो की दिसेनासा होतो. त्याची मादी अंड्यांचा पुंजका जबड्यात धरून बसते, पिल्लं बाहेर येईपर्यंत. ते जळमट मी वर्षानुवर्षं दिवाळीत झाडत आले. आता त्या कोपऱ्यात झाडू न्यायचा असेल तर माझी परवानगी लागते. भिंतीवरचा उड्या मारणारा कोळी तर थेट मान वळवून आपल्याकडे बघतो. मोबाइलवर चिमट्यानं लावायचं एक भिंग मिळतं, ते लावून त्याच्या समोर गेले. आठ डोळे, त्यांतले समोरचे दोन हे एवढाले, काळेभोर, आणि बघता बघता त्यातला काळा रंग पातळ होऊन मधासारखा झाला! डोळ्याचं भिंग जागेवरच असतं; आत दृष्टिपटलाची नळी सरकते, म्हणून आपल्याला रंग बदलल्यासारखा दिसतो. म्हणजे तो मला न्याहाळत होता आणि त्याचं न्याहाळणं मला बाहेरून दिसत होतं.

आणि उडी? कोळ्याच्या पायात पाय लांब करणारे स्नायू मुख्य सांध्यांना नसतातच. तो अंगातल्या द्रवाचा दाब वाढवतो आणि पाय ताठ होतो, जेसीबीचा हात उचलतो त्याच तत्त्वावर. मेलेला कोळी पाय पोटाशी घेऊन उताणा का पडतो, याचं उत्तर हेच: दाब गेला, पाय मिटले. इतकी वर्षं केरात बघत आलेली गोष्ट, आणि तिला असलं भन्नाट कारण!

जगात कोळ्यांच्या ५०,००० वर जाती नोंदल्या गेल्यात. पन्नास हजारावी २०२२ मध्ये नोंदली गेली. भारतात त्यांपैकी दोन हजारांच्या आसपास. आपल्याकडच्या कोळ्यांवर मन लावून काम करणारे मोठे माणूस म्हणजे बेनॉय कृष्ण टिकादार. भारतीय प्राणी सर्वेक्षण संस्थेच्या पुण्यातल्या केंद्रातून त्यांनी काम केलं, महाराष्ट्रातल्या कोळ्यांवरचा त्यांचा अभ्यास १९६३ मध्ये पुणे विद्यापीठाच्या नियतकालिकात आला आणि भारतीय कोळ्यांचं हस्तपुस्तक १९८७ मध्ये. भाचीकडे त्याची झेरॉक्स आहे, कडा पार झिजलेली. मला त्यातलं शेकडा दहासुद्धा कळत नाही, पण चित्रं बघत बसते. आपले मारुती चितमपल्ली याच सोलापूरचे; पक्ष्यांचा कोश त्यांनी मराठीत करून ठेवला. कोळ्यांना असा कुणी कोशकार लवकर भेटो, कारण सध्या अर्ध्या मंडळींना हाक मारायची तर लॅटिनमध्येच मारावी लागते.

आता रात्रीचं सांगते. जेवणं उरकल्यावर आम्ही त्याच प्लॉटच्या कडेला गेलो. टॉर्च हातात खाली धरायचा नाही, डोळ्यांच्या पातळीला, गालाशी धरायचा आणि गवताकडे बघायचं. बघितलं आणि मी चक्क "अगं बाई!" म्हणून किंचाळले. गवतभर हिरवट ठिणग्या! दव समजाल, पण दव पडायची वेळ ती नव्हे. हे लांडगा कोळ्यांचे डोळे. त्यांच्या डोळ्यांत मागे परावर्तक पडदा असतो, तो उजेड आल्या वाटेनं परत पाठवतो. म्हणून टॉर्च डोळ्यांजवळ असला तरच दिसतं. एका ठिणगीचा माग काढत वाकून गेले. मातीच्या भेगेशी एक मादी, आणि तिची पाठ खडबडीत कशानं दिसतेय म्हणून भिंग लावलं तर पिल्लं! एकावर एक थर. आधी अंड्यांची गोळी पोटाच्या टोकाला चिकटवून हिंडवायची, फुटली की पिल्लं पाठीवर घ्यायची. उन्हाळ्यात आमची काळी माती फाटते तेव्हा सगळे नावं ठेवतात. त्या भेगा म्हणजे कुणाची तरी घरं आहेत हे मला तेव्हा दिसलं.

संभाजी तलावाला, म्हणजे आपल्या कंबर तलावाला, गेलो तर माणसंच बदलली. माणसं म्हणजे कोळी. माझी भाषा अशी बिघडली आहे. पाणकणसाच्या पात्यावर पाय पुढे-मागे ताणून काडी होऊन पडलेला लांब जबड्याचा कोळी, पाण्याकडेला आडवं-तिरकं जाळं लावणारा. ओल्या चिखलावर सुळकन पळणारे बारके लांडगा कोळी. प्लॉटातला पोपटी लिंक्स इथं हुडकूनही सापडेना. अंतर किती? रिक्षानं दहा मिनिटं! विजापूर रस्त्यावरच्या वनविहारात झाडाच्या खोडावर तिसरीच तऱ्हा. कडुनिंबाच्या सालीवर भाची बोट दाखवतेय आणि मला साल सोडून काही दिसत नाही. मग सालीचा एक तुकडा हलला. चपटा, हुबेहूब सालीच्या रंगाचा, मागे दोन लांब शेपट्या. त्या शेपट्या म्हणजे त्याचे धागा सोडणारे अवयव. खोडावरून एक पतंग चालला होता. कोळ्यानं त्याच्यावर झेप घेतली नाही; त्याच्याभोवती प्रदक्षिणा घालायला सुरुवात केली, भराभर, तोंड बाहेर आणि शेपट्या पतंगाकडे करून, आणि प्रत्येक फेरीत धागा. डोळ्याचं पातं लवतंय तोवर पतंग खोडाला बांधला गेला होता. मग सावकाश चावा.

आणि नान्नज! बार्शी रस्त्यानं वीसेक किलोमीटर. १९७९ साली जाहीर झालेलं माळढोक अभयारण्य. माळढोक आता दिसणं नशिबात असेल तर. आत परवानगीवाचून पाऊल टाकायचं नाही, म्हणून आम्ही बाहेरच्या गायरानावर हिंडत होतो. मेंढरं घेऊन आलेल्या एका म्हाताऱ्या धनगरानं विचारलं, "काय हुडकालाय वो ताई?" कोळी म्हटल्यावर तो हसला. "मग उन्हाचं कशाला आलाव? सकाळी दव पडल्यावर या की. सगळा माळ पांढरा दिसतोय बघा."

दुसऱ्या खेपेला उजाडताना गेलो. खरंच पांढरा! कुसळी गवताच्या बुडख्यांमध्ये हातरुमालाएवढ्या पांढऱ्या चादरी अंथरलेल्या, प्रत्येकीच्या एका टोकाला नरसाळ्यासारखं बीळ, बिळाच्या तोंडाशी एक कोळी पुढचे पाय चादरीवर टेकवून. इतकं सगळं रोज तिथं असतं. दव वाळलं की आपल्याला दिसत नाही, एवढंच. गवताची काडी चादरीवर टेकवली की तो विजेच्या वेगानं बाहेर येतो, काडी आहे कळताच तितक्याच वेगानं आत. पुस्तकात मी हे कधी वाचलं नव्हतं आणि त्या धनगराला ते किती वर्षांपासून ठाऊक होतं!

पण माळावर मला वेड लावलं ते एका बोरीच्या झुडपानं. झुडपात नारळाएवढा मळकट गोळा: वाळकी पानं, किड्यांचे पंख, टरफलं, सगळं धाग्यांत गुंतलेलं. मी कचरा म्हणून पुढे निघाले होते. "मावशी, हे अख्खं गाव आहे," भाची म्हणाली. स्टेगोडायफस सरासिनोरम. कार्श नावाच्या जर्मन अभ्यासकानं १८९२ मध्ये वर्णन केलेला, सरासिन आडनावाच्या दोन स्विस चुलत भावांच्या नावानं. कोळी म्हटला की एकलकोंडा, समोर आला तर भाऊबंदालाही खाणारा. पण हे शेकड्यांनी एकत्र राहतात! जाळं सामाईक, शिकार सामाईक. ऊन कलल्यावर ते एकेक करून बाहेर आले, राखाडी, मखमली अंगाचे, वाटाण्याहून लहान. तेवढ्यात एक नाकतोडा जाळ्यात धडकला. एक आला, पाय धरला. दुसरा आला, दुसरा पाय. मग चार, मग सात-आठ. नाकतोडा त्या प्रत्येकाच्या कितीतरी पट मोठा होता आणि त्याचं काही चाललं नाही.

भिंगाखाली त्यांच्यातला एक दुरुस्तीला लागलेला दिसला. मी सोलापूरची, आजोबा जुन्या गिरणीत होते, सूत काढणं आणि विणणं माझ्या कानावरून गेलेलं. तर हा अगदी आमच्या धंद्यातला माणूस निघाला. पोटाखाली एक चाळणी, तिच्या हजारो छिद्रांतून अतिबारीक तंतू येतात, आणि मागच्या पायावर केसांची एक फणी आहे. त्या फणीनं तो ते तंतू विंचरत होता, एकसारखं, खालीवर, खालीवर, आणि बाहेर येत होता तो पिंजल्या कापसासारखा फुललेला धागा. या धाग्याला डिंक लागत नाही. त्याचे बारीक तंतूच किड्याच्या पायाला धरून ठेवतात. बागेतला गोल जाळ्याचा कोळी चिकट थेंब लावतो. ते थेंब हवेतल्या ओलाव्यावर अवलंबून, म्हणून अनेक जण रोज संध्याकाळी जुनं जाळं खाऊन टाकतात आणि नवं विणतात. जिथं वर्षाला पाचशे-सहाशे मिलिमीटर पाऊस आणि बाकी नुसतं रखरखीत ऊन, तिथं कोरडा धागा! माझ्या अंगावर काटा आला.

त्या गोळ्यातल्या कोळ्यांच्या आया पिल्लांना तोंडातून अन्न भरवतात आणि शेवटी पिल्लं आईलाच खातात. भाचीनं हे इतक्या थंडपणे सांगितलं की मी तिच्याकडे बघतच राहिले.

आता एवढं बघितल्यावर तिच्या वहीतले रकाने मला कळायला लागले. कुठल्या जागी किती कोळी, हा आकडा काढणं सोपं आहे आणि तो फसवा आहे. आमच्या कॉलनीतल्या इमारतींमध्ये कोळी काही कमी नाहीत. पण कोण? न्हाणीतला तो गरगर फिरणारा, भिंतीवरचा उड्या मारणारा. हेच दोघं माणसाच्या सामानाबरोबर जगभर पोचलेले आहेत. ब्राझीलमधल्या न्हाणीतही तोच भेटेल. ती मंडळी कुठंही मजेत. माळावरचा तो फणीवाला मात्र माझ्या न्हाणीत येणार नाही, आणि लॉन कातरून गुळगुळीत केलेल्या बागेतही नाही. बागेत आम्ही छत्री धरली तर निम्म्या वेळा नुसता पाचोळा. कारण कोळ्याला जागेची बांधणी लागते. गोल जाळ्याला योग्य अंतरावरच्या दोन फांद्या, चादरीला गवताचे दाट बुडखे, लांडगा कोळ्याला भेग किंवा दगडाची खालची बाजू, शेपटीवाल्याला जुनं खरबरीत खोड. ती बांधणी मोडली की तो कोळी गेला. मग पक्ष्यांची मोजणी होईपर्यंत, वाघ येईल की नाही हे बघेपर्यंत थांबायला नको. फार चराई झाली, आग लागली, फवारणी झाली, हे कोळी एका हंगामात सांगतात, आणि विचारायला लागते छत्री!

शिवाय पोट. २०१७ साली नायफेलर आणि बिर्कहोफर या दोघांनी अंदाज बांधला की जगातले कोळी मिळून वर्षाला ४० ते ८० कोटी टन शिकार फस्त करतात, आणि ती बहुतेक किड्यांची. आपल्या ज्वारीच्या रानातही ते मावा खातात, माश्या खातात, फुकट. आपण मात्र मावा दिसला की औषध मारतो, त्यात मावाही मरतो आणि त्याला खाणाराही. मावा आधी परत येतो.

संरक्षणाच्या चर्चेत कोळी अजून पार मागच्या बाकावर आहे. झाडांवर राहणाऱ्या, नक्षीदार, तळहाताएवढ्या पॉइसिलोथेरिया कोळ्यांना २०१९ मध्ये आंतरराष्ट्रीय व्यापारावरच्या सायटीस करारात जागा मिळाली, कारण लोक ते पाळायला विकत घेतात. म्हणजे देखणा, मोठा आणि महाग असलास तर तुझा नंबर लागेल! माळावरच्या मळकट गोळ्याला कोण विचारतो? सातबाऱ्यावर त्याच्या घराची नोंद पोटखराबा. चांगल्या मनाची माणसं तिथं खड्डे काढून झाडं लावतात, फोटो काढतात, आणि गवताच्या बुडख्यांतल्या त्या शेकडो चादरी सावलीखाली संपतात. झाड लावणं वाईट असं मी कशाला म्हणू, पण माळ म्हणजे झाडं नसलेलं जंगल नव्हे. ते वेगळंच प्रकरण आहे.

आणि नवं काही सापडायला दूर जावं लागतं असंही नाही. २०२१ साली ध्रुव प्रजापती आणि सहकाऱ्यांनी ठाणे परिसरातून उड्या मारणाऱ्या कोळ्याची एक नवी जात जगापुढे आणली आणि तिला नाव दिलं आयसियस तुकारामी, २६/११ ला कसाबला पकडताना हुतात्मा झालेल्या तुकाराम ओंबळे यांच्या स्मरणार्थ. ठाणे! लोकल, उड्डाणपूल, टॉवर यांच्या गर्दीत विज्ञानाला ठाऊक नसलेला प्राणी बसला होता. मग आमच्या प्लॉटात काय असेल, हा विचार मला भाजी चिरताना येतो.

तर प्लॉट. दिवाळीआधी कॉलनीच्या बैठकीत ठरलं, जेसीबी लावून तो साफ करायचा. मी उठून उभी राहिले आणि मुंगीचं सोंग घेणाऱ्या कोळ्यापासून सुरुवात केली. लोक विनम्रपणे ऐकत होते, म्हणजे कुणी ऐकत नव्हतं. अध्यक्ष म्हणाले, "मॅडम, ते सगळं खरं हो. पण उद्या साप निघाला आणि पोराला चावला तर?" प्रश्न रास्त होता. त्यावर कोळ्याची फणी दाखवून भागणार नव्हतं. साप येतो तो उंदरामागे, उंदीर येतो तो आपल्याच खरकट्यामागे आणि लपतो आपल्याच फरशांच्या ढिगात, असं मी म्हटलं. शेवटी तडजोड झाली: फरशा, प्लॅस्टिक, खरकटं सगळं उचलायचं, रस्त्याकडचं गाजरगवत उपटायचं, मागच्या भिंतीलगतची तरवड, रुई आणि बाभळीची पट्टी तशीच ठेवायची.

मालक पुण्यात असतात. त्यांना फोन करून विचारलं तर म्हणाले, "वहिनी, भाव आला की विकून टाकणार आहे. तोवर तुम्हाला काय करायचं ते करा." भाव कधी येणार, हे त्यांनाही ठाऊक नाही. भाचीनं वहीत त्या पट्टीला स्वतंत्र क्रमांक देऊन टाकलाय, आणि होळीपर्यंत दर पंधरवड्याला तिथं मोजणी ठरली आहे. गेल्या मोजणीला अध्यक्षांचा नातू भिंगासाठी हट्ट धरून बसला होता. पिवळ्या खेकडा कोळ्यानं पुन्हा एक मधमाशी धरली होती, आणि त्याला ते त्याच्या आजोबांना लगेच दाखवायचं होतं.